सवतीच्या गळ्याचं माप

१४ जून १९९१

प्रिय ताई,

पोचले. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकी उघडली की समोरच्या बाईची खिडकी उघडते आणि आम्ही दोघी एकमेकींच्या कुंड्यांना मनातल्या मनात नावं ठेवतो. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण लहानपणीच्या त्या तापाने तुझे कान नेले आणि मला जन्मभर पत्रं लिहायची शिक्षा झाली. फोन केला तर भाऊजी घेतात, 'बरं आहे' म्हणतात आणि ठेवून देतात. दोन शब्दांत संसार आटपणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

कामाचं विचारशील म्हणून सांगते. आईच्या आजारपणात दोन वर्षं घरी राहिले, तेवढ्यात माझ्या टेबलावर दुसरी मुलगी बसली. मला दाराजवळचं टेबल दिलंय. नव्या हारांचे नमुने ती काढणार, मी गिऱ्हाइकांच्या जुन्या अंगठ्यांच्या नकला काढायच्या. हातही बिघडलाय गं. पूर्वी एका दमात निघायची ती रेघ आता तीन ठिकाणी अडते. आईजवळ राहिले याचं वाईट वाटत नाही, कधी वाटणारही नाही. पण दोन वर्षांनी सगळे पुढे गेलेले दिसले की नजर खाली घालून टेबल पुसत बसते.

इथे हिरे बसवणारे एक म्हातारे कारागीर आहेत. सगळे त्यांना चिमटेकाका म्हणतात. हातातल्या चिमट्याने हिरे उचलतात आणि तोंडाने माणसांना चिमटे काढतात. मी लपूनछपून एक हार काढला होता, पानं, फुलं, वेली, जिथे जागा दिसली तिथे हिरा. त्यांनी कागद सरळ धरला, उलटा धरला, आडवा धरला आणि म्हणाले, कुठूनही बघितलं तरी गर्दीच आहे. मला इतका राग आला की दुपारी जेवले नाही.

आता मुद्दा. मला कुणाचा तरी खरा गळा डोळ्यांपुढे असल्याशिवाय काढता येत नाही. तुझ्या गळ्याच्या मापाचा दोरा पाठव. टेपचा आकडा नको, आकड्यात तू दिसत नाहीस.

तुझी,
भिंगरी


२९ जून १९९१

प्रिय भिंगरी,

दोरा पाठवते आहे. मेणातून ओढून घेतलाय, म्हणजे ओलाव्याने आखडणार नाही आणि ओढला तरी ताणणार नाही. गाठ आहे तिथे माझा गळा संपतो. शिवणकाम करणाऱ्या बाईने दिलेलं माप आहे, केसाचा फरक निघाला तर नाव बदलीन.

दुकान बरं चाललंय. शाळांचे गणवेश आले आहेत, एकशे चाळीस कॉलर शिवून झाल्या, अजून तेवढ्याच आहेत. मी एक चैन केली. स्वतःच्या अंगाची पुतळी करून घेतली, कापूस भरभरून. खांदा, गळा, कंबर, सगळं माझं. म्हणजे माझे स्वतःचे कपडे शिवताना आरशापुढे नाचायला नको. भाऊजींनी तिचं नाव 'सवत' ठेवलंय. म्हणतात, दोघींतली हीच बरी, बोलत नाही.

आता नीट वाच. तू आईसाठी आलीस, चांगलं केलंस. पण तुझी जागा गेली ती मी पाहिलीय. तू शेवटच्या दिवसांत आईच्या उशाशी बसून औषधाच्या पुडीवर अंगठ्या काढायचीस आणि मी आले की पुडी मुठीत दाबायचीस, तेही पाहिलंय. पुन्हा कुणासाठी, अगदी माझ्यासाठीसुद्धा, काम टाकून आलीस तर याद राख. दारातून परत पाठवीन.

आणि चिमटेकाका म्हणतात ते खरं असेल. तुझ्या आठवीच्या वहीतसुद्धा समास कोरा नसायचा.

तुझी,
ताई


३ फेब्रुवारी १९९८

प्रिय ताई,

बक्षीस मिळालं. आधी हे लिहून टाकते, नाहीतर तू शेवटचं पान आधी वाचशील.

कसं झालं ते सांगते. दोनशे बारा हिऱ्यांचा हार काढला होता. मालक खूश होते. चिमटेकाकांनी नेहमीसारखा कागद उलटा धरला. मी चिडून तुझा दोरा काढला, टेबलावर तुझ्या गळ्याच्या आकारात ठेवला आणि त्यांना म्हटलं, हा माझ्या बहिणीचा गळा, यावर हा हार कसा दिसेल ते बघा. त्यांनी बराच वेळ दोऱ्याकडे बघितलं. मग एवढंच म्हणाले, "यात बहीण कुठे दिसणार?"

त्यानंतर आठवडाभर मी नुसते हिरे खोडत होते. गळ्याच्या खळगीवरचे खोडले, मानेमागचे खोडले. सात उरले. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. सात हिऱ्यांत काय दिसणार म्हणाले. पण काकांनी ते सात असे बसवले की हिऱ्याला धरणारी तार शोधावी लागते, आणि परीक्षकांनी तोच हार उचलला. आता वर्तमानपत्रात छापून आलंय की माझ्या शैलीत 'मोकळेपणा' आला. त्यांना काय माहीत, मोकळेपणा म्हणजे तुझी मान आहे म्हणून.

दाराजवळचं टेबल गेलं. आता खिडकीजवळ आहे.

गेल्या वर्षी यायचं म्हणत होते ते राहिलं, यंदाही कठीण दिसतंय. रागावू नकोस.

तुझी,
भिंगरी


९ ऑक्टोबर २००३

प्रिय भिंगरी,

हे पत्र मी टाकणार नाही. पण एकदा लिहून बघते, नाहीतर पोटातल्या पोटात राहील, आणि पोटात आधीच जागा नाही.

गाठ निघालीय. डॉक्टर भाऊजींशी बोलत होते. त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही म्हणजे कळतही नाही. चाळीस वर्षं माणसांचे ओठ वाचत आलेय मी. सहा महिने म्हणाले, फार तर आठ. कापून उपयोग नाही म्हणाले. भाऊजींचं तोंड पांढरं पडलं. घरी येताना त्यांनी मला विनाकारण छत्री घेऊन दिली. ऊनही नव्हतं, पाऊसही नव्हता.

मला भीती वाटते गं. मरणाची वाटते, खोटं कशाला बोलू. पण त्याहून तुला बघायचं राहील याची वाटते. सात वर्षं झाली तुला बघून. तुझे केस पांढरे झाले का, हेसुद्धा मला ठाऊक नाही.

तुझं पत्र आलंय की मार्चमध्ये तुझं एकटीचं प्रदर्शन आहे, बारा वर्षांचं काम एका दालनात, आणि मधोमध ठेवायला गळ्याला बिलगणारं कडं करायचंय, त्यासाठी नवा दोरा हवाय. आज सकाळी गळ्याला दोरा लावला. गाठ कुठे आली ते बघितलं आणि सोडून टाकली. हा दोरा पाठवला तर तू त्याच दिवशी गाडीत बसशील. मग आईच्या वेळचंच पुन्हा. पुन्हा दाराजवळचं टेबल. तेव्हा तीस वर्षांची होतीस, निभावलंस. आता नाही निभावणार.

भाऊजींना शपथ घातलीय.

ये ना गं.

ताई


९ ऑक्टोबर २००३

प्रिय भिंगरी,

दोरा सोबत आहे. बघ, बारा वर्षांत तसूभर फरक नाही. देवाने मला एकदाच मापून पाठवलंय.

इकडे सगळं ठीक. भाऊजींनी मला नवी छत्री घेतली. या वयात माणूस बायकोला छत्री घेतो म्हणजे काहीतरी चुकलंय खास. तू प्रदर्शनाचं बघ, आमची काळजी करू नकोस.

तुझी,
ताई


२० ऑक्टोबर २००३

प्रिय ताई,

दोरा मिळाला आणि उडीच मारली. जुन्या दोऱ्याशेजारी ठेवला, गाठीला गाठ जुळली. एवढ्या वर्षांत माझ्या कमरेचं काय झालं ते विचारू नकोस, आणि तू आपली तशीच्या तशी. खरं सांगू, मनात थोडी धास्ती होती. मागच्या दोन पत्रांत तुझं अक्षर जरा बारीक वाटलं होतं. फोन केला तर भाऊजी 'बरं आहे' म्हणाले, पण ते भूकंप झाला तरी तेच म्हणतील. दोरा पाहिला आणि जीव भांड्यात पडला. दिवाळं निघालं तरी चालेल पण या महिन्यात येऊन जाऊ असं ठरवत होते, ते आता मार्चनंतरवर टाकते. प्रदर्शन दहा मार्चला. ते झालं की महिनाभर येऊन राहीन.

कड्याचं सांगते. यात साखळी नाही, अडकवायचा फासा दिसत नाही. एकच ताठ रेघ, पुढे एकच हिरा, खळगीच्या जरा डावीकडे, कारण तू हसताना मान डावीकडे टाकतेस. असलं काम मापाचं असतं. केसभर मोठं झालं तर घसरतं, केसभर लहान झालं तर रुततं. जगात एकाच गळ्याला येईल. मालक म्हणतात, मग विकायचं कुणाला? मी म्हटलं, विकायचं नाहीच. प्रदर्शन संपलं की ते घेऊन येणार आणि तुझ्या गळ्यात घालणार. बारा वर्षं तुझ्या गळ्यावर पोट भरलंय, तुला एक मणीसुद्धा दिला नाही.

आता मनगटाचा दोरा पाठव. जोडीला बांगडी करते.

तुझी,
भिंगरी


४ जानेवारी २००४

प्रिय भिंगरी,

उत्तराला उशीर झाला. थंडीने जरा अंथरूण धरलं होतं.

मनगटाचा दोरा पाठवते. हे माप मी माझ्या हातावरच घेतलंय. आता लपवत नाही, गळ्याचं माप सवतीचं होतं, अंगावर घ्यायचा कंटाळा केला. सवतीला हात नाहीत, म्हणून हे मलाच घ्यावं लागलं. दोरा चांगल्या उजेडात बघ. घाईने बघू नकोस.

तुझी,
ताई


१५ जानेवारी २००४

प्रिय ताई,

तू म्हणजे अगदीच आहेस. सवतीचं माप पाठवलंस आणि वर सांगतेस! असो, सवत म्हणजे तूच, कापूस तेवढा जास्त.

पण मनगटाचा दोरा बघून मी पोट धरून हसले. अगं, हे माप आहे की गंमत? आठ वर्षांच्या मुलीचं मनगट आहे हे. केसाचा फरक निघाला तर नाव बदलीन म्हणाली होतीस, सांग, आता काय नाव ठेवू? एका हाताने दुसऱ्या हाताचं माप घेताना दोरा खेचला असणार. चिमटेकाका म्हणाले, मेणातला दोरा खेचला जात नाही, तू जाऊन बहिणीला बघून ये. मी म्हटलं, काका, तुम्ही आयुष्यभर हिरे मोजलेत, माणसं मला मोजता येतात. ते पुन्हा आपल्या हिऱ्यांवर वाकले. मी माझ्या अंदाजाने दीड बोट वाढवून बांगडी ओतायला दिली.

इथे श्वास घ्यायला फुरसत नाही. अजून आठ आठवडे. थंडीत ऊब घेऊन बस, आणि खात जा जरा.

तुझी,
भिंगरी


६ फेब्रुवारी २००४

प्रिय भिंगरी,

हो, माझंच चुकलं असेल. दीड बोट वाढवलंस ते बरं केलंस.

प्रदर्शन चांगलं कर.

ताई


१ मार्च २००४

प्रिय भिंगरी,

मला पत्र लिहिता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. चुकलं तर समजून घे.

तुझी ताई आजारी आहे. पोटात गाठ आहे. ऑक्टोबरपासून आहे. तिने मला शपथ घातली होती, ती आज मोडतो आहे. आता दिवस मोजायचे राहिले आहेत. गेले दोन आठवडे ती उठलेली नाही.

काल तुझा फोन आला. मी ठरवलं होतं की सांगायचंच. तू विचारलंस, ताई कशी आहे. माझ्या तोंडून 'बरं आहे' निघून गेलं. इतकी वर्षं तेच म्हणतोय, जीभ तिकडेच वळली. तू फोन ठेवलास आणि मी तिथेच खुर्चीवर बसून राहिलो. पुन्हा लावायला हात उचलेना. म्हणून लिहितो.

ती तुला कागद लिहिते आणि फाडते. एक फाडलेला नाही, तो मी तिच्या उशीखालून काढून सोबत घातला आहे. ऑक्टोबरचा आहे. तिला हे माहीत नाही.

तुझं मनगटाचं पत्र आलं तेव्हा ती वाचून हसली. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला म्हणाली, "तिला कळलं नाही हो."

लवकर ये.

भाऊजी


५ मार्च २००४

चिमटेकाका,

तुम्हाला न भेटताच निघते आहे. ही चिठ्ठी पहारेकऱ्याजवळ ठेवते. प्रदर्शन आता तुमच्या हाती. कुठल्या काचेत काय ठेवायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा बरं कळतं. मालक ओरडतील. मी दहाला नसले तर खिडकीजवळचं टेबल दुसऱ्याला देतील असं त्यांनी आत्ताच सांगितलंय. देऊ द्या.

कडं घेऊन जात नाही. कुणाला येणार ते?

तुम्ही दोरा बघून जे सांगितलंत ते मी ऐकलं नाही. मला माणसं मोजता येतात म्हणाले तुम्हाला. काका, मी सख्ख्या बहिणीचं दुखणं दीड बोट वाढवून दुरुस्त केलं. हे आता मी कुठे खोडू?


८ मार्च २००४

प्रिय ताई,

तुझ्याच उशाशी बसून हे पत्र लिहिते आहे. काल दारातून परत पाठवशील असं वाटलं होतं, पण तू नुसती माझ्या केसांकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, पांढरे झाले की गं. मग पहिला प्रश्न, प्रदर्शनाचं काय झालं. मी पाटीवर लिहिलं, आठवडाभर आधीच उरकलं, फार छान झालं. आत्ता म्हणालीस, बोलू नकोस, माझ्याने तुझे ओठ वाचवत नाहीत, कागदावर लिही सगळं, पहिल्यापासून, नेहमी लिहितेस तसं. म्हणून लिहिते. एकेक पान होईल तसं तुझ्या हातात देते.

तर ऐक. दालनात शिरलं की उजव्या हाताला माझ्या जुन्या गर्दीच्या अंगठ्या. चिमटेकाकांनी त्यातली एक मुद्दाम उलटी ठेवली होती. एका बाईंनी विचारलं, ही चुकून उलटी पडली का? काका म्हणाले, नाही, हिचं कुठूनही तेच आहे. मला त्या अंगठ्यांच्या ढिगाऱ्यात तोंड लपवावंसं वाटलं.

मग सात हिऱ्यांचा हार. त्याच्यापुढे एक म्हातारे गृहस्थ इतका वेळ उभे राहिले की मागे रांग लागली. त्यांच्या बायकोने कोपराने ढोसलं तेव्हा हलले.

हे पान वाचून तू हसलीस. माझ्याकडे बघून म्हणालीस, "प्रदर्शन परवा आहे, भिंगरे. तारीख पाठ आहे मला. खोटं लिहायला माझ्याकडूनच शिकलीस, पण माझ्यापेक्षा बरं लिहितेस. लिही पुढे." मला वाटलं होतं तू चिडशील. तू माझा हात धरलास आणि दुसऱ्या हाताने पुढचं पान मागितलंस. म्हणून लिहितेच आहे. भाऊजी दारात उभे आहेत, आत येत नाहीत.

मधल्या काचेत कडं होतं. त्याखाली पाटी नव्हती, किंमत नव्हती. सगळे विचारत होते, हे कुणाचं? मालकांनी मला पुढे ढकललं. तुला माहीत आहे, मला चार माणसांत बोलता येत नाही. पण बोलले. म्हटलं, माझी मोठी बहीण आहे, शिवणकाम करते. मी जे काही काढलं ते तिच्या गळ्यासाठी काढलं. बारा वर्षांत तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, तीही धड शब्दांत नाही, आणि ती मला वाचता आली नाही. मग मागून कुणीतरी विचारलं, त्या आल्यात का आज? मी म्हटलं, आल्यात. ती काय, तिथे खिडकीजवळच्या खुर्चीत बसलीय, स्वतः शिवलेल्या हिरव्या कोटात, मान डावीकडे टाकून. सगळ्यांनी वळून बघितलं. तू उठलीस, ताई. सगळ्यांच्या मधून चालत आलीस. मी कडं काढलं आणि तुझ्या गळ्यात घातलं आणि ते बरोबर बसलं.

हे पान झालं. घे.

घे ना. मी पान धरलंय.

ताई, अजून पुष्कळ लिहायचं आहे. तू काय म्हणालीस ते लिहायचंय, आपण दोघी घरी कशा आलो ते लिहायचंय. डोळे उघड. अक्षर मोठं काढते, बघ, तुला त्रास होणार नाही.

भाऊजी आत आलेत.

ताई, हे एवढं वाच.